सगळी कामं एकाच खिडकीवर होत नाहीत

प्रश्न असा आला आहे: "सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते, तिसरं वर्ष संपत आलंय. विषय द्राक्षावरच्या केवडा रोगाचं जैविक नियंत्रण. गाव कळवण तालुक्यात, नाशिकला गंगापूर रोडला तिघींत एक खोली. गाइड सर दोन-दोन महिने भेटत नाहीत, दिलेला चॅप्टर परत येत नाही. फेलोशिप सात महिने आलेली नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. लॅबमध्ये जावंसं वाटत नाही. घरी लग्नाचं बघतायत. पीएचडी सोडून नोकरी धरू का? आणि धरायची तर मला येतं तरी काय?"

तुला एकेरीत लिहिते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. मी एकतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, नऊ जणांच्या पीएचडीला गाइड होते, आणि निवृत्तीनंतर दर शनिवारी एमएस्सी-पीएचडीची मुलं माझ्याकडे येऊन बसतात. कुणी संख्याशास्त्र विचारायला येतं, कुणी नुसतं रडायला. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

तू कळवणहून एसटीने येतेस. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत पास मागितला तर आतला माणूस पुढच्या खिडकीकडे बोट करतो. आपण त्याच्यावर चिडत नाही, पुढे सरकतो. पीएचडीत मात्र झोप, पैसे, पेपर, लग्न, नोकरी ही सगळी गाठोडी घेऊन मुलं गाइडच्या एकाच खिडकीपुढे उभी राहतात. ती खिडकी बंद दिसली की आता कुठलंच काम होणार नाही असं त्यांना वाटतं. तुझ्या पत्रात निदान पाच वेगवेगळी कामं आहेत. ती वेगळी करू.

आधी झोप. पीएचडी सोडायची की नाही हा निर्णय पहाटे तीनला जागं असलेल्या डोक्याने घ्यायचा नाही, म्हणून ती पहिली. उद्यापासून वहीच्या मागच्या पानावर तीनच गोष्टी लिही: किती वाजता अंथरुणावर पडलीस, किती वाजता जाग आली, दिवसभरात चहा किती वेळा झाला. संध्याकाळच्या शेवटच्या कपातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं, म्हणजे लॅबमधला सातचा चहा रात्री बारापर्यंत पुरतो. एक रक्ततपासणी करून घे: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. मेसचं जेवण, उपास आणि रात्रीचं जागरण यांवर जगणाऱ्या मुलींमध्ये यातलं काहीतरी पुष्कळदा कमी निघतं, आणि वर्षभर 'माझ्यात जिद्दच नाही' असं म्हणणारी मुलगी लोहाच्या गोळ्यांवर दोन महिन्यांत माणसात आलेली मी पाहिली आहे.

पण रिपोर्ट नॉर्मल आले, आणि दोन आठवडे किंवा जास्त काळ बहुतेक दिवस मन खाली, कशातच रस नाही, भूक गेलेली, पहाटेची जाग कायम, असं असेल तर तो आळसही नाही आणि 'स्ट्रेस' म्हणून सोडून द्यायची गोष्टही नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. खासगी परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि बसायचं. तिथे कुणी ओळखीचं भेटेल ही भीती मला कळते. भेटलं तर तेही त्याच कामासाठी आलेलं असेल. तेवढंही धाडस आज होत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर लाव. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बंद करायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने तर नाहीच नाही.

मुलं मला नेहमी विचारतात, गाइडला कळेल का? डॉक्टर सांगू शकत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गोपनीय ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आणि एक गोष्ट सरळ विचारते, कारण आडून विचारून उपयोग नसतो: जगूच नये असं मनात येतं का? येत असेल तर हे पुढचं वाचू नकोस. खोलीतल्या दोघींपैकी एकीला आत्ता उठव, तिला सांग, आणि तिच्यासमोर १४४१६ किंवा ११२ ला फोन कर. बाकीचं उत्तर कुठे पळून जात नाही.

कॉलेजमध्ये समुपदेशक आहे का, तेही बघ. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा. पाटी असते आणि माणूस नसतो, असंही दिसेल. तर प्राचार्यांना चार ओळींचा अर्ज द्या, एकटीने नाही, पाच-सहा जणींनी मिळून.

आता गाइड. इथे मला माझं एक पाप सांगायचं आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याचा चॅप्टर माझ्या ड्रॉवरमध्ये अकरा आठवडे पडून होता. वर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, खाली कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाची फाइल, मध्ये तो. मुलगा दर सोमवारी दारात येऊन "मॅडम, येऊ का?" म्हणायचा आणि मी न बघता "उद्या ये" म्हणायचे. त्याला वाटत होतं, मॅडमना माझं काम आवडलेलं नाही. मला वाटत होतं, साठ पानं वाचायला सलग एक दिवस हवा आणि तो दिवस येतच नव्हता. बाराव्या आठवड्यात त्याने अर्ध्या कागदावर तीन प्रश्न लिहून तो माझ्या हजेरीपुस्तकात ठेवला. तिन्हींचं उत्तर एका ओळीत देता येण्यासारखं होतं. मी उभ्या-उभ्या दहा मिनिटांत लिहून दिलं. साठ पानं मी त्यानंतरही दीड महिन्याने वाचली, पण त्याचं काम त्या दिवशीच सुरू झालं.

म्हणून 'सर, चॅप्टर बघितला का?' हा प्रश्न आजपासून बंद. त्याचं उत्तर 'नाही' असतं आणि ते द्यायला कुणालाच आवडत नाही. त्याऐवजी असा मेल कर:

"सर, नमस्कार. तीन गोष्टींवर आपला निर्णय हवा आहे. १) येत्या ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरीच्या बागेत तिसरा हंगाम घ्यायचा, की झालेल्या दोन हंगामांच्या नोंदी पुरेशा धरायच्या? २) रोगाची नोंद पानांवरचीच ठेवायची की घडांवरचीही घ्यायची? ३) आधी पद्धतीचं प्रकरण पक्कं करू की निकालांचं? छाटणी टळली तर वर्ष जाईल, म्हणून गुरुवारपर्यंत कळलं तर बरं होईल. तोवर मी बागायतदारांशी बोलून बागेतल्या चार ओळी फवारणीविना राखून ठेवते. गुरुवारी साडेअकराला आपल्या केबिनशी येते, दहा मिनिटं पुरतील."

यात तक्रार कुठेच नाही, पण तारीख आहे, आणि तारखेमागे खरं कारण आहे. छाटणी कुणासाठी थांबत नाही हे नाशिकच्या गाइडला सांगावं लागत नाही. भेट झाली की त्याच संध्याकाळी 'आज हे ठरलं' असा चार ओळींचा मेल टाकायचा. सर उत्तर देणार नाहीत. न देवोत. तो मेल सहा महिन्यांनी 'मी असं म्हणालोच नव्हतो' या वाक्यासाठी असतो.

याउपर दुसरी खिडकी आहे आणि ती बहुतेकांना माहीतच नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक स्कॉलरला संशोधन सल्लागार समिती असते, गाइड तिचे निमंत्रक असतात आणि दर सत्राला तिच्यापुढे प्रगती मांडायची असते. आपल्याकडे हे काम पुष्कळदा सह्यांपुरतं उरतं: चहा, बिस्किटं, 'गुड, कंटिन्यू'. तू ते सह्यांपुरतं ठेवू नकोस. तेच तीन प्रश्न शेवटच्या स्लाइडवर टाक आणि समितीचं मत कार्यवृत्तात लिहून घे. बाहेरचा एक माणूस समोर बसलेला असला की निर्णय होतात.

गाइड कामात बुडालेला असणं वेगळं आणि गाइड त्रास देणारा असणं वेगळं. घरची कामं सांगणं, चारचौघांत पाणउतारा, पेपरवर काम न केलेल्यांची नावं, अंगचटीला येणं, यातलं काही असेल तर गोड मेलांनी भागणार नाही. लैंगिक स्वरूपाचं काहीही असेल तर अंतर्गत समिती. बाकीच्यासाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल, ही २०२३ च्या नियमांतली रचना आहे. गाइड बदलूनही मिळतो. तुझ्या पत्रावरून मला तुझे सर पहिल्या प्रकारातले वाटतात. चुकत असेन तर सांग.

तिसरं वर्ष संपतंय म्हणून घाबरली आहेस. आयोगाच्या त्या २०२२ च्या नियमांत पीएचडीची किमान मुदत तीन वर्षं आणि कमाल सहा आहे, फेरनोंदणीने आणखी दोन मिळतात आणि स्त्रियांना त्याउपर दोन. याचा अर्थ दहा वर्षं लाव असा नाही, घरचे माझ्या नावाने बोटं मोडतील. पण मध्यावर आहेस आणि स्वतःला उशिरा आलेली समजतेस, एवढं तरी डोक्यातून काढ.

पेपरचं थोडक्यात. तुला रोज 'डिअर एमिनंट रिसर्चर' असे मेल येत असतील, तीन दिवसांत छापतो, दीड हजार द्या. ते पैसे मेसला दे. २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र वेगळा असू शकतो, तो कुणाच्या सांगण्यावर न जाता छापील बघ. आयोगाची मान्य जर्नलांची केअर यादीही २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली, तेव्हा 'हे केअरमध्ये आहे' हे वाक्य आता कुणी फेकलं तर हसून सोड. जर्नल पारखायचं तर त्यातले शेवटचे दहा पेपर उघडून स्वतः वाच. तुझ्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत जी जर्नल वारंवार येतात, त्यांतलं एक निवड. एक पेपर, नीट, बस.

पैशांबद्दल मला रागच आहे. कागदावर जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, महिना ३७,००० रुपये दिसते, जानेवारी २०२३ पासूनचा दर आहे, राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपही आहेत. पण पैसे येतात ते गठ्ठ्याने, आणि घरमालक भाडं गठ्ठ्याने घेत नाही. आधी तुझा कागद नेमका कुणाच्या टेबलावर आहे ते शोध. उपस्थिती प्रमाणपत्र किंवा प्रगती अहवाल पुष्कळदा आपल्याच कॉलेजच्या ऑफिसात सहीसाठी पडलेला असतो. तिथल्या क्लार्कशी भांडू नकोस, आवक-जावक क्रमांक मागून घे. गठ्ठा आला की आधी तीन महिन्यांचं भाडं आणि मेस बाजूला काढ, लॅपटॉप नंतर. मोबाइल ॲपवरचं कर्ज घेऊ नकोस, मैत्रिणीकडून घे, लाज वाटली तरी. आणि कॉलेजात सीएचबीचे, म्हणजे तासावर पैसे मिळणारे, तास घ्यायचे असतील तर फेलोशिपच्या अटी आधी वाच. पूर्णवेळ फेलोशिपवर दुसरीकडचं मानधन चालत नाही म्हणून वसुली निघालेली मुलं मी पाहिली आहेत.

आता 'मला येतं काय'.

गेल्या वर्षी एका मुलीने मला तिचा बायोडेटा दाखवला. तीन पानं. पहिल्या पानावर दहावी-बारावीचे टक्के, दुसऱ्यावर चौदा वेबिनारची प्रमाणपत्रं, तिसऱ्यावर छंद: वाचन, प्रवास. संशोधनाबद्दल एक ओळ, विषयाचं नाव. मी तिला म्हटलं, काल दिवसभर काय केलंस ते सांग, आणि ती बोलत असताना मी लिहीत गेले. तुझ्या बाबतीत तसंच करून बघते. तू बागेत यादृच्छिक गट पद्धतीने प्रयोग मांडतेस. पानागणिक रोगाचं प्रमाण मोजून गुण देतेस आणि दोनशे पानांनंतरही पहिल्या पानाइतकंच काटेकोर मोजतेस. ऑटोक्लेव्ह, निर्जंतुक हाताळणी, जिवाणू वेगळे करणं, टिकवणं, त्यांची वाढ मोजणं. आकडेवारीचं विश्लेषण. शिवाय पावसाने फवारणी धुऊन गेली तर काय करायचं हे तू बांधावर उभी राहून ठरवलंयस, आणि ज्या शेतकऱ्याचा एकेक घड म्हणजे रोकडा पैसा, त्याला चार ओळी फवारणीविना ठेवायला राजी केलंयस. हे शेवटचं काम कंपनीतल्या किती एमबीएंना जमेल ते मला ठाऊक नाही.

म्हणजे एका ओळीत 'जैविक नियंत्रणावर संशोधन' असं लिहिण्याऐवजी लिही: 'दोन हंगाम, शेतकऱ्यांच्या बागांत केवडा रोगावर जिवाणूजन्य द्रावणाच्या चाचण्या आखल्या, नोंदी ठेवल्या, विश्लेषण केलं.' एक पान. छंद खोडून टाक.

हे कुणाला हवंय? तू बसली आहेस त्याच जिल्ह्याला. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या खेपा कीडनाशकांच्या अंशांची तपासणी झाल्याशिवाय हलत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळा आहेत, त्यांना एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता लागते, आणि ती टिकवायला नोंदी काटेकोर ठेवणारी माणसं लागतात. जैविक निविष्ठा बनवणाऱ्या कंपन्यांना चाचण्या मांडता येणारी माणसं लागतात. दिंडोरीत मोहाडीला सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची मोठी कंपनी आहे. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्यात आहे, दोन तासांवर नाही पण दिवसात जाऊन येण्यासारखं. तुला एचपीएलसी, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, हाताळता येत नसेल तर या वर्षातलं एकच प्रशिक्षण ते घे, आणि एनएबीएल ज्या मानकावर चालते ते आयएसओ १७०२५ एकदा वाचून काढ. चौदा वेबिनारपेक्षा तेवढं पुरेल.

प्राध्यापक व्हायचं असेल तर सेट, म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, दे. पुणे विद्यापीठच घेतं, नाशिकला केंद्र असतं. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदाला नेट (देशपातळीवरची तशीच परीक्षा) किंवा सेट ही किमान अर्हता आहे आणि पीएचडी ऐच्छिक. पण जागा किती निघतात ते तुलाही माहीत आहे, मी गोड बोलणार नाही. सेट दे, आणि त्याच महिन्यात एका लॅबला फोनही कर.

फोनवर नोकरी मागायची नाही. 'तुमचं काम बघायला अर्धा तास येऊ का' एवढंच विचारायचं. आपल्या कॉलेजचा कुणी ना कुणी माजी विद्यार्थी तिथे असतोच, त्याला गाठ. अशा तीन भेटी दिवाळीपर्यंत झाल्या की सोडू का धरू का हा प्रश्न तुला वेगळा दिसेल, कारण तेव्हा दुसऱ्या पारड्यात खरं काहीतरी असेल. आज तिथे नुसती पळून जायची इच्छा आहे. पीएचडी सोडणं हे पाप नाही. माझ्या नऊशिवाय दोघांनी सोडली, एक जण आज सिन्नरला स्वतःची माती-पाणी तपासणी चालवतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो. त्याने सोडली तेव्हा तो नीट झोपत होता, एवढाच फरक.

लग्नाबद्दल मी बोलावं असं नाही, तरी एक कागदाची गोष्ट सांगते. लग्न होऊन दुसऱ्या गावी जावं लागलं तर स्त्री स्कॉलरला आपलं संशोधन तिथल्या विद्यापीठात नेण्याची तरतूद नियमांत आहे, आणि प्रसूती-बालसंगोपनासाठी पूर्ण मुदतीत २४० दिवसांपर्यंत रजाही. आई-वडिलांशी बोलताना 'मला करायचंच नाही' आणि 'सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा सारांश, सादर होईपर्यंत थांबा' यांतलं दुसरं जास्त चालतं. त्यांना महिना सांग. कळवणच्या माणसाला कांद्याचा हंगाम कळतो तसा प्रबंधाचाही कळेल, कुणी सांगितला तर.

आणि लॅबमध्ये जावंसं वाटत नाही, त्याला माझ्याकडे एकच गावठी उपाय आहे. शनिवारी चौघीजणी एका टेबलाला बसायचं, फोन एका पिशवीत, दोन तास फक्त लिहायचं, मग सोमेश्वरला जाऊन भेळ. चौघींचे विषय वेगळे असले तर उत्तम, कुणी कुणाशी तुलना करत नाही. माझ्याकडे आत्ता एक जागा आहे, इतिहासवाली नोकरीला लागली.

गाइडना पाठवायचा तो मेल आज रात्री लिहिलास तरी पाठव उद्या सकाळी. रात्री अकरानंतर लिहिलेल्या माझ्या प्रत्येक मेलमधून सकाळी निदान एक वाक्य मी खोडलेलं आहे.